साइन झाली, इन राहिलं

११ सप्टेंबर २००८, गुरुवार

ब्लॉकवर जाऊन आलो. फोटो नाही!

काल कंपनीचा धर्मराज रस्त्यावरूनच ओरडून गेला — "गुरुजी, बाईंचा फोटो ब्लॉकवर आलाय, बघून घ्या!" दाणेश्वर सीड्सचा हा माणूस. आमच्या वीस गुंठ्यांतल्या कपाशीच्या बियाण्याच्या प्लॉटवर देखरेख ठेवतो. मोटारसायकल बंद करून बोलायची त्याला सवय नाही, त्यामुळे निम्मं बोलणं फटफटीतच जातं.

ब्लॉक म्हणजे पंचायत समिती. छत्तीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाला हे कुणी शिकवायला नको. पगार, बदली, पेन्शन — सगळी हयात ब्लॉकवर खेटे घालण्यात गेली. इस्त्रीचा सदरा घातला, दहाच्या गाडीनं घनसावंगी गाठलं. नोटीस बोर्ड वरपासून खालपर्यंत वाचला. शिक्षकांच्या बदल्या, विहिरींची यादी, एक हरवलेली म्हैस. बायको नाही! आतल्या कारकुनाला विचारलं. तो म्हणाला, "बाई कोणत्या योजनेत आहेत?" म्हटलं, "योजनेत नाहीत, कपाशीत आहेत." त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं आणि अर्ज द्या म्हणाला. दिला. दोन प्रतींत.

घरी आलो तर ही दारातच उभी. "दिसला का?" "नाही." "मंग दिवसभर काय केलं तिथं?" सांगितलं सगळं, म्हशीसकट. पदर तोंडाला लावून आत गेली. हसायला गेली असणार.

१२ सप्टेंबर

ब्लॉक नव्हे — ब्लॉग!

धर्मराजला आज गाडी बंद करायला लावली. ब्लॉग म्हणजे इंटरनेटवर कंपनीनं काढलेलं वर्तमानपत्रच म्हणे. मराठीत असतं. कुणीही वाचावं, आणि वाचून खाली आपलं मत लिहावं. मत लिहावं म्हटल्यावर माझे कान टवकारले. आजवर वर्तमानपत्रांत माझी एकेचाळीस पत्रं छापून आलीत. कात्रणांची वही आहे.

"म्हैस बी असंल का तिथं?" ही आतून म्हणाली.

१३ सप्टेंबर, शनिवार

महेमूदच्या 'मदिना नेट अँड झेरॉक्स'मध्ये गेलो. दुकानाला आईचं नाव दिलंय त्यानं. माझाच विद्यार्थी, चौथी ब, पाढ्यांत कच्चा. आता पस्तिशीचा बाप्या झालाय. दोन कॉम्प्युटर आहेत, त्यातला एक चालतो.

फोटो दिसला. छातीएवढ्या कपाशीत उभी आहे, डोक्याला फडकं, हातात फूल. आणि हसतेय! दात दिसतायत! एकोणचाळीस वर्षांच्या संसारात माझ्याकडे बघून ती अशी हसल्याचं मला तरी आठवत नाही. खाली चार ओळी बऱ्या लिहिल्यात. बियाण्याच्या प्लॉटवर संध्याकाळी कळ्या सोलायच्या, दुसऱ्या दिवशी सकाळी नराचं फूल त्यावर घासायचं, एकेक करून हजारो फुलं — हे सगळं बरोबर आहे. पंधरा वर्षं ही ते करते. मी बांधावर बसून नोंदवही ठेवतो.

आणि त्याखाली ठळक अक्षरांत — "फुलाला फूल जोडणारे हात : चांगुणाबाई, तीर्थपुरी."

चांगुणाबाई!

कोण चांगुणाबाई? अख्ख्या गावात चांगुणाबाई एकच, कचरू पोस्टमनची आई, आणि ती गेल्या पौषात वारली! म्हणजे माझ्या जित्याजागत्या बायकोच्या फोटोखाली मेलेल्या बाईचं नाव! मी खुर्चीतून उठून उभाच राहिलो. महेमूद म्हणाला, "गुरुजी, पानी आनू का?"

घरी येऊन हिला सांगितलं. तिला वाईट वाटणार म्हणून हळूहळू सांगितलं. ती भाकरी थापत होती. हात थांबला.

"काय नाव लिव्हलंय?"

"चांगुणाबाई."

"पुन्ना सांगा बरं."

"चांगुणाबाई! चां-गु-णा!"

तव्यावरची भाकरी करपली. आमच्या घरात भाकरी करपली म्हणजे केवढा धक्का बसला असेल!

मी ठरवलंय. हे नाव मी दुरुस्त करवून घेणार. द्वारका हे नाव लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं मी स्वतः लिहिलेलं आहे. ते बदलणारी कंपनी कोण?

१५ सप्टेंबर

काल अनंत चतुर्दशी, दुकान बंद. बरंच झालं. दिवसभर बसून प्रतिक्रिया लिहिली. तीन फुलस्केप. पहिल्या पानावर स्त्रीचं समाजातलं स्थान, दुसऱ्यावर कपाशी, तिसऱ्यावर मुद्दा.

आज घेऊन गेलो. फोटोच्या खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं — "प्रतिक्रिया देण्यासाठी साइन इन करा." मला हे ठाऊकच होतं. सहीशिवाय पत्र म्हणजे निनावी पत्र, कोणताही संपादक ते टोपलीत टाकतो. तिन्ही पानांवर सही होती, तारखेसह.

म्हटलं, "महेमूद, साइन मी करून आणलीय. इन तेवढं तू कर."

महेमूद कागदाकडे बघतोय, कॉम्प्युटरकडे बघतोय. "कुठून इन करू, गुरुजी?"

"तुझं दुकान आहे, तुला माहीत पाहिजे."

मग त्यानं समजावलं. साइन इन म्हणजे सही नव्हे. आत जायचं. आत जायला आधी खातं पाहिजे. खात्याला ई-मेल पाहिजे. ई-मेलला पासवर्ड पाहिजे. बँकेत खातं काढताना निदान समोर माणूस असतो, त्याच्याशी वाद तरी घालता येतो.

इतक्यात वीज गेली.

१६ सप्टेंबर

वीज नाही.

१७ सप्टेंबर

मुक्तिसंग्राम दिन. शाळेत झेंडावंदनाला गेलो, सवय. वीज दुपारी आली.

हिनं हट्ट धरला — "मला बी दावा फोटू." नवं लुगडं नेसून आली. महेमूदनं खुर्ची दिली, पंखा लावला. दहा मिनिटं बघत बसली. फोटोकडे थोडं, नावाकडेच जास्त. दुसरीपर्यंत शिकलेली आहे, अक्षरं लावत लावत वाचते. काचेवर बोट ठेवून म्हणाली, "ह्यो 'चां' का? मंग 'गु'. मंग 'णा'." मला तर बघवेना. म्हटलं, काळजी करू नकोस, आठ दिवसांत हे नाव इथून नाहीसं करतो.

"ऱ्हाऊ द्या ना," ती म्हणाली. "काय बिघडून राह्यलं?"

तिचा स्वभावच असा. सोसायचं. पण मी सोसणारा नाही!

जाताना महेमूदला म्हणाली, "बाबा, ह्ये कागदावर निगतं का?" त्यानं काढून दिलं. घडी करून कनवटीला लावलं तिनं. पुरावा म्हणून जपून ठेवला असणार. मला हे सुचलं नव्हतं, हे मान्य केलं पाहिजे.

१८ सप्टेंबर

खातं काढायला बसलो. महेमूद बटणं दाबतो, मी सांगतो.

नाव घातलं — ramkisan. लाल अक्षरं आली. महेमूद म्हणाला, "गुरुजी, हे नाव उपलब्ध न्हाई."

"उपलब्ध नाही म्हणजे? बासष्ट वर्षं मीच वापरतोय!"

"दुसऱ्या कुनी आधीच घेतलं."

कुणी? कधी? मला न विचारता? अर्धा तास गेला. शेवटी mapariguruji मिळालं. म्हणजे रामकिसन आसाराम मापारी हा माणूस नावानं शिल्लक नाही, आडनावावर भागवा.

मग जन्मतारीख. एक जून, सांगितलं. आणि मनात चुकचुकलं. माझी एक जून ही शाळेची तारीख. आमच्या वडिलांना महिना माहीत नव्हता, मास्तरांनी एक जून लिहून टाकला. पुढं मी मास्तर झालो तेव्हा मीही तेच केलं. माझ्या हातून निदान दोनशे पोरं एक जूनला जन्मली. त्यात महेमूदही आहे. तो म्हणाला, "गुरुजी, माझं बी खातं एक जूनवरच हाय, बराबर चालतंय."

पासवर्ड. महेमूद अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल असं ओरडला, "कुनाला सांगायचा न्हाई असा शब्द सांगा!" मी त्याच्या कानात सांगितलं — dwarka. ज्या नावासाठी लढाई, तेच नाव हत्यार. पण कॉम्प्युटर म्हणतो, अपुरं! आठ अक्षरं पाहिजेत. द्वारका सहाच भरतात. लग्नाचं साल जोडलं, dwarka69. तरी शेजारी लिहून आलं — कमजोर. असू दे. नावात जोर नसला तरी नाव धारण करणारीत भरपूर आहे.

मग शेवटचा प्रश्न. पासवर्ड विसरलात तर ओळख पटवायला. महेमूदनं इंग्रजी वाचून मराठीत सांगितलं, "आईचं लग्नाच्या आधीचं नाव."

मी 'कौसा' एवढं म्हणालो. आणि थांबलो.

मला माहीत नाही.

आईचं नाव कौसाबाई. पण ते आमच्या घरचं, लग्नात ठेवलेलं. त्याआधीचं काय? महेमूद म्हणतो, "गुरुजी, मामाचं आडनाव टाकतात तिथं. नायतर काय बी लिवा, कॉम्प्युटर तुमच्या आईला वळखत न्हाई." म्हटलं, आडनाव काय, नाव म्हणजे नाव! आणि मी तरी ओळखतो की नाही? आईच्या बाबतीत खोटं लिहिणार नाही. खातं अर्धवट सोडून उठलो.

२० सप्टेंबर

झोप लागेना म्हणून पहाटेच उठलो. बासष्ट वर्षांचा झालो, आईला जाऊन एकवीस वर्षं झाली, आणि तिचं नाव मला माहीत नाही. तिला कधी विचारलंच नाही. लाज वाटली.

२२ सप्टेंबर, सोमवार

केदारखेड्याला जाऊन आलो. आईचं माहेर. जालना, तिथून भोकरदनची गाडी, उभ्यानं. मामेभाऊ पुंजाराम ऐंशीचा झालाय. दावणीपाशी बसला होता. मी गेल्या गेल्या विचारलं, माझ्या आईचं नाव काय?

त्याला वाटलं माझं डोकं फिरलंय. "कौसाबाई की रे. तुझ्याच आईचं नाव इसरलास का?"

"ते आमच्याकडचं. तुमच्याकडचं काय होतं?"

"आमी आत्याच म्हणत व्हतो. बाप 'बाई' म्हणायचा." विचार करून करून त्याचंही तोंड उतरलं. शेवटी त्यानं वाड्यापलीकडच्या झुंबरबाईला बोलावलं. नव्वदीची म्हातारी, आईची मैत्रीण, ऐकू कमी येतं. तिच्या कानात मी ओरडलो, "माझ्या आईचं नाव काय होतं?" ती माझ्याकडे बघून हसली आणि फट्दिशी म्हणाली — "ठकू! ठकी म्हणायचो आमी. लई पळायची. माझी चिंच घिऊन पळाली ती पळालीच."

ठकूबाई. माझी आई ठकूबाई. आणि ती पळायची! मी तिला कायम कमरेवर हात ठेवून चालताना पाहिलेलं. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. पुंजारामच्याही. झुंबरबाईला काही कळलं नाही, ती चिंचेचंच बोलत होती.

घरी येऊन हिला सांगितलं. "ठकू," तिनं म्हणून बघितलं. "सासूबाईला शोभतंय." मग ताट वाढताना, "त्यास्नी इचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं की तुमाला."

"कुणाच्या लक्षात येतं?"

"तेच म्हणून राह्यले मी."

बायकांची नावं अशी हरवतात आणि घरच्यांना पत्ताही नसतो, यावर एक कडक पत्र वर्तमानपत्राला लिहायला घेतलंय. बेचाळिसावं.

२४ सप्टेंबर

thakubai लिहिलं. कॉम्प्युटरनं निमूट घेतलं. महेमूद म्हणाला, "मी म्हणलो नव्हतो का, काय बी घेतंय ते." त्याला काय कळणार.

मग एक नवीनच. चौकटीत वाकडीतिकडी अक्षरं, एकावर एक चढलेली, मधून रेघ ओढलेली. ती ओळखून खाली लिहायची, म्हणजे तुम्ही माणूस आहात हे सिद्ध होतं. असलं अक्षर माझ्या वर्गात कुणी काढलं असतं तर सगळं पान पुन्हा लिहायला लावलं असतं! तीनदा चुकलं. तिन्ही वेळा कॉम्प्युटरनं मला माणूस मानलं नाही. चौथ्यांदा महेमूदनं वाचलं आणि मी माणसात आलो.

ई-मेलचं झालं. मग कंपनीच्या ब्लॉगचं वेगळं खातं. पुन्हा नाव, पुन्हा एक जून. शेवटी पाटी आली — "आपल्या पत्त्यावर खात्रीचे पत्र पाठवले आहे. ते मिळाल्यावर पुढे जा."

वा! पत्र म्हटल्यावर जिवात जीव आला. शेवटी पोस्टाशिवाय कुणाचं चालत नाही.

२५ सप्टेंबर

पत्र नाही. कंपनी जालन्याची, तिथून यायला एक दिवस लागतोच.

२६ सप्टेंबर

पत्र नाही.

२७ सप्टेंबर

पत्र नाही. कचरू पोस्टमनला पिशवी उलटी करायला लावली. तो चिडला. म्हटलं, तुझ्या आईच्याच नावाचं प्रकरण आहे बाबा. मग सगळं सांगावं लागलं. त्याचे डोळे भरून आले, म्हणाला, "म्हंजी आईचं नाव इंटरनेटवर हाय? ऱ्हाऊ द्या ना गुरुजी मंग!" आता हा एक विरोधक तयार झाला.

२९ सप्टेंबर

पत्र ई-मेलात होतं!! पाच दिवस!! महेमूद म्हणतो, "मला वाटलं तुमी बघितलं आसंल." कशात बघणार होतो? कोनाड्यात?

त्या पत्रातल्या निळ्या ओळीवर बाण दाबायचा. दाबला. "मुदत संपली आहे." पुन्हा पहिल्यापासून! पुन्हा वाकडी अक्षरं!

घरी येऊन जेवलो नाही. ही म्हणाली, "एवढा तरास कामून करून घेऊन राह्यले? सोडा ना." मी म्हणालो, तुझ्यासाठी करतोय. तर उठून चुलीकडे गेली. मग ताकाची कढी केली, मला आवडते म्हणून. कढी प्यायलो.

१ ऑक्टोबर

आत गेलो! साइन इन! वर कोपऱ्यात लिहून आलं — "नमस्कार, mapariguruji." छत्तीस वर्षांच्या नोकरीत कोणत्याही ऑफिसनं मला आपण होऊन नमस्कार केला नव्हता.

तीन फुलस्केप बाहेर काढले. महेमूदनं दाखवलं, तीनशे अक्षरांची मर्यादा. स्त्रीचं स्थान गेलं, कपाशी गेली. एवढंच उरलं —

"महोदय, फोटोतील महिला माझी पत्नी सौ. द्वारकाबाई रामकिसन मापारी असून चांगुणाबाई नावाची कोणीही व्यक्ती आमच्या घरात नाही व नव्हती. तरी त्वरित दुरुस्ती व्हावी. — रा. आ. मापारी, सेवानिवृत्त मुख्याध्यापक."

चांगलं जमलंय. विशेषतः 'नाही व नव्हती'. बटण दाबलं. उत्तर आलं — "आपली प्रतिक्रिया तपासणीसाठी पाठवली आहे." जन्मभर मी तपासलं, आता मला तपासणार!

३ ऑक्टोबर

तपासणी चालू.

६ ऑक्टोबर

चालूच. बारावीच्या पेपरांना एवढा वेळ लागत नाही.

९ ऑक्टोबर, दसरा

जिंकलो!!

सकाळी शस्त्रपूजेला महेमूदनं कॉम्प्युटरला झेंडू वाहिला आणि मला निरोप पाठवला. गेलो तर माझी प्रतिक्रिया छापलेली, खाली "दुरुस्ती केली आहे. क्षमस्व." आणि फोटोखाली स्वच्छ, ठळक — "द्वारकाबाई मापारी, तीर्थपुरी". चांगुणाबाईचा मागमूस नाही!

पेढे घेतले. महेमूदला दिले, कचरूला दिले, त्यानं तोंड वाकडं करून खाल्ला. हिला दुकानात घेऊन आलो. म्हटलं, बघ!

ती बघत राहिली. बोट ठेवलं काचेवर, अक्षरं लावली.

"आदीचं पुसलं का?"

"समूळ!"

"आता कुटंच न्हाई ते?"

"कुठंच नाही!"

"बरं." पेढा हातात तसाच धरला होता तिनं. म्हटलं, खा की. "खाते घरी जाऊन," म्हणाली.

घरी जाऊनही खाल्ला नाही. गोडाचं पथ्य असेल. आपट्याची पानं दिली तर नुसतं पाया पडली. दमली असणार, अजून वेचणी चालू आहे.

१३ ऑक्टोबर, सोमवार

काय लिहू.

महेमूदनं हाक मारून नेलं, "गुरुजी, मेल आलाय तुमाला." कंपनीत ब्लॉग लिहिणाऱ्या सलमा नावाच्या मुलीचा. फोटोही तिनंच काढलेला. जसं आठवतंय तसं इथं उतरवतो —

"आदरणीय गुरुजी, सरांच्या सांगण्यावरून नाव बदललं. पण मनात राहिलं म्हणून लिहिते. मी नाव चुकवलं नव्हतं. मी बाईंना विचारलं, तुमचं नाव काय? त्या म्हणाल्या, कोन्तं? मी म्हणाले, तुमचं. तुम्हाला आवडतं ते. तर त्या हसल्या आणि त्यांनी ते नाव सांगितलं. मी फोटो तेव्हाच काढला. माझ्या वहीत त्यांनी स्वतःच्या हातानं लिहूनही दिलंय."

महेमूदनं न विचारता पाणी आणून ठेवलं. मी दोनदा वाचलं. मग दुकानातून घरापर्यंत कसा आलो, माहीत नाही. वाटेत दोघांनी रामराम केला, मी घेतला नाही.

ही अंगणात कापूस पसरून बसली होती. मी समोर उभा राहिलो.

"चांगुणाबाई कोण?"

मान वर न करता म्हणाली, "मी."

"तू?"

"लग्नाच्या आदी. सोळा सालं व्हते मी चांगुणा. मंग तुमी तांदळात लिव्हलं, तवापासून द्वारका."

मी खाली बसलो. कापसातच.

"मला कधी सांगितलं नाहीस?"

"तुमी कवा इचारलं?" रागानं नाही, सहज म्हणाली. "माय-बाप गेले, भावाला मी आक्का. म्हणणारं कुणी राह्यलंच न्हाई. त्या पोरीनं इचारलं, तर तोंडात तेच आलं. मलाच नवल वाटलं, आजून ध्यानात हाय म्हणून."

"अगं, मग मी महिनाभर रक्त आटवत होतो, तेव्हा थांबवायचंस तरी!"

आता तिनं वर बघितलं. "म्हणले की, ऱ्हाऊ द्या म्हणून. दोनदा म्हणले. पण तुमी लई जोरात व्हते. अन्..." हातातल्या बोंडातली सरकी काढत बसली. "माझ्यापायी तुमी आजवर कुटं गेल्ते? ब्लॉकवर गेल्ते, केदारखेड्याला गेल्ते. ते बी बरं वाटून राह्यलं व्हतं."

एकेचाळीस पत्रं छापून आलेला माणूस मी. 'नाही व नव्हती' — हे मीच लिहिलंय, आणि जगात कुणालाही वाचता येतंय.

संध्याकाळी देव्हाऱ्यात काडेपेटी शोधताना महेमूदनं काढून दिलेला तो कागद दिसला. घडी केलेला, वर हळदीकुंकू. पुरावा म्हणून ठेवलाय असं मला वाटलं होतं!

बेचाळिसावं पत्र फाडून टाकलं.

१४ ऑक्टोबर

आज महेमूदला लांब बसवलं. एकट्यानं साइन इन केलं. वाकडी अक्षरं आली नाहीत, नशीब.

आधी पासवर्ड बदलला. नवा कुणाला सांगणार नाही, इथंही लिहीत नाही. आठ अक्षरं बरोबर भरली. साल जोडावं लागलं नाही.

मग प्रतिक्रिया. "आधीचं नाव बरोबर होतं. ते परत लावावं. चूक माझी, एकोणचाळीस वर्षांची."

खाली सही. रा. आ. मापारी, सेवानिवृत्त — एवढं टाइप केलं, आणि खोडलं. मग लिहिलं —

चांगुणाबाईचा नवरा.